सावली किती वाजेपर्यंत?

"मालक, हितं सावली किती वाजेपर्यंत असती?"

माझ्या दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकणारा माणूस झेरॉक्स केवढ्याला विचारतो, फार तर लाइट आहे का विचारतो. यानं सावली विचारली. मी कीबोर्डवरून मान वर केली. चाळिशीच्या आतबाहेरचा सडपातळ माणूस, शर्ट बाहेर सोडलेला, डोक्याला ओला टॉवेल. उजव्या हाताचा पंजा कपाळावर आडवा धरून तो आधी आभाळाकडे, मग समोरच्या इमारतीकडे आणि मग माझ्या दुकानाच्या पायऱ्यांकडे बघत होता. मागे दोन मुली उभ्या होत्या, एक दहा वर्षांची, एक सहाची. त्यांच्याही डोक्यावर ओले टॉवेल.

"कशाची सावली?" मी विचारलं.

"तुमच्या पायरीची की."

तीस वर्षं मी त्या पायऱ्या चढतोय, पण त्यांच्यावर ऊन कधी येतं ते मला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकासमोर अडायचं नाही ही दुकानदाराची खोड, म्हणून "असते अकरा-साडेअकरापर्यंत" असं ठोकून दिलं. त्यानं मुलींना पायरीवर बसवलं, पिशवीतून दोन पुस्तकं काढून त्यांच्या हातात दिली आणि माझ्यासमोर एक कागद ठेवला. थोड्या वेळानं तो बाहेर डोकावून आला आणि मला वाईट वाटू नये इतक्या हळू आवाजात म्हणाला, "अकरा न्हाय मालक. दहा चाळीस."

मी घड्याळ पाहिलं. दहा चाळीसच झाले होते.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला लोक आधी हसतात आणि मग त्याच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. माझं तसंच झालं. नाव मात्र सांगत नाही. त्यानं स्वतः सहलीच्या जागांवर एवढं लिहिलं, पण खाली कधी नाव घातलं नाही. "जागा बघायला जायाचंय लोकांना, मला बघायला न्हाय," म्हणायचा.

माझं दुकान नवी पेठेच्या एका बोळात आहे. दोन झेरॉक्स मशीन, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि हंगामात लग्नपत्रिका. एवढ्या पसाऱ्याला तो मला 'मालक' म्हणायचा. सोलापुरात कोणालाही मालक म्हणतात, त्यात फुशारण्यासारखं काही नाही. पण त्याच्या तोंडून ते ऐकलं की मी उगाच खुर्चीत ताठ बसायचो.

त्याच्या घरची भाषा तेलुगू, मराठी आमच्या सोलापूरची. धंदा नक्षीचा. चादरीवरचे मोर आणि वेली आधी चौकटीच्या कागदावर काढायच्या, मग त्या चौकटी मोजून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. त्या भोकांवरून मागाला कळतं कुठला धागा उचलायचा. हे काम बापापासून चालत आलेलं. मग ते कॉम्प्युटरवर गेलं आणि त्याच्याकडे राहिले चौकटीच्या कागदाचे गठ्ठे. बायको सरकारी दवाखान्यात नर्स. ती पाळ्या करायची, हा घर सांभाळायचा आणि मुलींना घरीच शिकवायचा.

घरीच म्हणजे खरोखर घरीच. शाळेत नाव नाही, हजेरी नाही, दप्तर नाही. बोळातल्या लोकांना चघळायला विषय मिळाला. बायको कमावते आणि हा पोरी फिरवतो, असं त्याच्या पाठीमागे बोलायचे. पाठीमागे म्हणजे अगदीच काही लांब नाही, त्याला ऐकू जाईल एवढ्यावर.

मी तोंडावर बोललो. मी मास्तरांचा मुलगा. "अहो, मुलींना शाळेत घाला. परीक्षेचं काय? पुढं काय करणार त्या?"

"व्हय मालक, खरंय तुमचं," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी मुलींना घेऊन रेल्वेच्या पुलावर गाड्या मोजायला गेला.

त्या पहिल्या दिवशी त्यानं आणलेला कागद सहलीचाच होता. बायकोच्या दवाखान्यातल्या आया आणि सिस्टर विचारायच्या, सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन कुठं जाता हो तुम्ही, ते पण इतक्या कमी खर्चात? म्हणून त्यानं एका जागेची माहिती लिहिली होती आणि पन्नास झेरॉक्स हव्या होत्या. अक्षर पाहून मी थक्क झालो. नक्षीच्या कागदावर, एका चौकटीत एक अक्षर. काना नाही की मात्रा नाही चौकटीबाहेर. ती पन्नास प्रतींची ऑर्डर मीच मोडली. म्हटलं, कागद कशाला, ब्लॉग काढा, जगभर वाचतील. त्याच्याकडे बटणांचा फोन. ब्लॉग म्हणजे काय ते समजावून सांगायला अर्धा तास गेला. शेवटी तो म्हणाला, "म्हंजे मी लिवायचं, तुमी छापायचं, आन कागदच न्हाय. हे बरंय की." मीच तो काढून दिला. नाव त्यानं सुचवलं, 'सावलीसावलीनं'.

त्याचा साचा कधी बदलला नाही. पुलाचा लेख माझ्या अजून पाठ आहे. "जागा: रेल्वेचा पूल. कसं जायचं: चालत. पाणी: घरून. सावली: जिन्याखाली, दिवसभर. कोणाला विचारायचं: पुलाखाली पेरू विकणाऱ्या मावशी, त्यांना सगळ्या गाड्यांच्या वेळा येतात. खर्च: एक पेरू, तिघांत." त्याच्या खाली मुलींनी काय पाहिलं ते चार ओळींत. बस. 'अविस्मरणीय अनुभव' वगैरे काही नाही. मी एकदा माझ्या मनानं 'नयनरम्य' हा शब्द घातला, तर त्यानं तो काढायला लावला. "ते कशात मोजायचं मालक?" म्हणाला.

एकदा तो मुलींना घेऊन एसटीनं श्रीपूरला गेला. कारखान्याबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते, ती बघायला. आपण रांग बघितली असती, चार फोटो काढले असते आणि परतलो असतो. यानं मुलींना बैलांची नावं विचारत रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. धाकटीनं नावांची यादी केली, थोरलीनं तिची वर्गवारी केली. एका बैलाचं नाव 'साहेब' निघालं. का, तर तो जागचा हलत नाही. "सावली: गाडीखाली. पण गाडीवाल्या ताईंना विचारून बसावे, ते त्यांचं घर आहे." हे वाक्य टाइप करताना माझे हात थांबले. मी त्या रस्त्यानं किती वेळा गेलो असेन. गाडीखाली कोणी राहतं हे मी कधी पाहिलं नव्हतं.

दर शनिवारी दुकानातून निघताना तो दारात वळायचा. "मालक, उद्या चला की. भाकरी जादा घेतो."

"दुकान आहे हो," मी म्हणायचो.

खरं सांगायचं तर रविवारी दुकानात चिटपाखरू फिरकायचं नाही. माझी बायको गेल्यापासून घरात एकट्यानं बसवत नाही म्हणून मी उघडून बसायचो, एवढंच. पण 'दुकान आहे' म्हणायची सवय जिभेला लागली होती. तोही कधी आग्रह करायचा नाही. सोमवारी मात्र वर्तमानपत्रात बांधलेली पुडी यायची, त्यात एक कडक भाकरी आणि शेंगाचटणी. "तुमच्या वाटची हाय. काल उरली." उरली कसली, मोजून जास्त घेतलेली असायची. सोमवारचं माझं जेवण ते. मी एकाही सहलीला गेलो नाही आणि प्रत्येक सहलीतलं जेवलो.

मुली पायरीवर बसायच्या. धाकटी बडबडी. थोरली गप्प. तिचे शब्द अडकायचे. पहिलं अक्षर ओठांवर यायचं आणि तिथंच राहायचं, मग ती मान खाली घालून ते गिळून टाकायची. पण नजर अशी की विचारू नका. मी छापायला काढलेल्या पत्रिका ती मुकाट्यानं वाचायची आणि चूक दिसली की तिथं बोट ठेवून माझ्याकडे बघत राहायची. एका लग्नाचा मुहूर्त सकाळी अकराचा होता, मी रात्री अकराचा छापणार होतो. तिच्या बोटानं वाचलो. तेव्हापासून पत्रिका तिनं बोट फिरवल्याशिवाय मशीनवर जायची नाही.

मग ती चूक झाली. माझी नव्हे, त्याची.

थंडीत तो मुलींना किल्ल्यात घेऊन गेला होता. लेखात लिहिलं, "सावली: तटाच्या कडेला, दिवसभर." वैशाखात एक कुटुंब बाहेरगावाहून तो लेख वाचून आलं. बरोबर म्हातारी आजी. भर दुपारी तटाच्या कडेला वीतभर सावली नव्हती. आजींना चक्कर आली. ब्लॉगखाली त्यांनी लिहिलं, "तुमची सावली कुठे आहे ते येऊन दाखवा."

मी ते पुसून टाकणार होतो. लोक काहीही लिहितात. पण त्यानं वाचायला लावलं आणि ऐकून मटकन स्टुलावर बसला. "माझ्या भरवशावर आलती की हो ती माणसं," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून बाप आणि दोन लेकी त्या रणरणत्या उन्हात निघाले. आधी लिहिलेल्या एकूण एक जागेवर पुन्हा जायचं आणि उन्हाळ्यातली सावली बघायची. किल्ला, पूल, तळं, करकंबचा बाजार, सगळं. महिनाभर मी फक्त दुरुस्त्या टाइप करत होतो. प्रत्येक लेखाखाली "थंडीत" आणि "उन्हाळ्यात" अशा दोन ओळी आल्या. त्या आजींसाठी त्यानं माफीचं पत्र लिहिलं, तेही चौकटीत. पुढं त्यांचं उत्तर आलं, आजी बऱ्या आहेत, पुन्हा थंडीत येऊ. ते वाचून तो पायरीवर जाऊन बराच वेळ बसला.

सावली नेमकी गेली कुठं, हे मला थोरलीनं समजावलं. त्याच महिन्यात एका दुपारी तिनं माझ्या टेबलावर पेन्सिल उभी धरली, मोबाइलचा दिवा लावायला लावला, आणि थंडीत सूर्य दक्षिणेकडून कसा जातो, मे महिन्यात बरोबर डोक्यावर कसा येतो, हे दिवा सरकवत दाखवलं. शब्द चार ठिकाणी अडकले. यावेळी तिनं ते गिळले नाहीत. थांबली, आणि शब्द आले. मला ते सगळं पहिल्यांदाच कळलं, मास्तरांचा मुलगा असून.

मग तिनं विचारलं, "काका, हे शाळेत कितवीला असतं?"

"असेल सातवी-आठवीला."

"मग माझ्या वयाच्या सगळ्या मुलींना हे येतं?"

"सगळ्यांना कसलं येतंय! पण असतं पुस्तकात."

ती पेन्सिल हातात फिरवत राहिली. "मला बघायचंय," म्हणाली. "त्यांना काय येतं ते."

आठ दिवसांनी ती एकटीच आली. हातात चौकटीचा कागद. मुख्याध्यापिकांना अर्ज. "मला आठवीच्या वर्गात बसायचे आहे. इतर मुलींना काय येते ते मला बघायचे आहे. मी वाचताना अडखळते. पण थांबले तर पुढचा शब्द येतो." मी वाचला आणि चष्मा पुसला. "नान्नाला सांगू नका, काका. मीच सांगणार आहे." वडिलांना त्या नान्ना म्हणायच्या.

तुम्ही काय केलं असतं? मी टाइप करून दिला. मुलींना शाळेत घाला म्हणून मीच तर त्याच्या मागे लागलो होतो. पण तो कागद प्रिंटरमधून बाहेर आला तेव्हा मला आनंद झाला नाही. शनिवारची ती हाक आठवली. मुली शाळेत गेल्या तर रविवारही शाळेचाच होईल, गृहपाठाचा, क्लासचा. मग पुडी कुठली आणि सोमवार कुठला. आपण स्वतःचाच सोमवार मोडतोय असं वाटलं.

तिनं काही सांगितलं नाही. तीन आठवडे तो रोज येत होता, कागद देत होता, आणि मी त्याच्या डोळ्याला डोळा न देता टाइप करत होतो.

मग एक दिवस तो एकटा आला. पायरी चढला नाही. रस्त्यावर, भर उन्हात उभा राहिला, डोक्याला टॉवेल नाही. मी बाहेर गेलो. त्याच्या हातात तो अर्ज होता. त्याच्याच चौकटीच्या कागदांच्या गठ्ठ्यात सापडला म्हणे. लपवायचा तर बापाच्या रोजच्या कागदांत कोण ठेवतं? मला वाटतं, तिचं सांगणं असंच होतं.

"तुमच्या मशीनचा हाय," तो म्हणाला. माझा प्रिंटर डाव्या बाजूला एक बारीक काळी रेघ सोडतो. "रेघ वळखली. मला का सांगितलं न्हाय मालक?"

"तिनं सांगू नका म्हटलं."

मीच त्याला हाताला धरून सावलीत आणलं, पाणी दिलं. मग त्यानं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"सहा वर्षांची होती. पहिलीला. वाचून दाखव म्हटलं, हिला शब्दच फुटंना. म्हून भायेर उभी केलती, मैदानात. मी डबा द्यायला गेलतो. बारा वाजलेले, चैत्रातलं ऊन. तिची सावली पण बाजूला न्हवती मालक, पायाखाली होती. मी तसाच हात धरला आन घरी आणलं. परत पाठवलं न्हाय." पाण्याचा ग्लास त्यानं दोन्ही हातांनी धरला होता. "मला वाटलं, मी तिला सावलीत ठेवलोय. तिला पायजे का ते इचारलंच न्हाय की मी."

मी मास्तरांचा मुलगा म्हणून त्याला किती ऐकवलं होतं ते सगळं मला त्या वेळी आठवलं. लाज वाटली. त्याची सावलीची विचारणा मी तीन वर्षं लोकांना विनोद म्हणून सांगत आलो होतो.

उठताना त्यानं अर्ज माझ्यापुढे ठेवला. "पुन्हा काढा. पालकाच्या सहीला जागा सोडली न्हाय तुमी."

मी जागा सोडून नवा काढला. कोऱ्या कागदावर चौकटी नव्हत्या. त्याची सही तिरकी गेली, अक्षरं लहानमोठी झाली. पुरती झाल्यावर त्यानं ती लांब धरून पाहिली आणि घडी घातली.

थोरलीला आठवीत घेतलं. ताई जाते तर मी पण, म्हणून धाकटीनं गोंधळ घातला, तिलाही त्याच शाळेत घातलं. जूनमध्ये दोघी निळ्या गणवेशात पायरीवर पाया पडायला आल्या. मागे तो उभा, पंजा कपाळावर, उगाच आभाळाकडे बघत.

त्यानंतर तो यायचा, पण कमी. लिहायला काही नव्हतं. ब्लॉगवर लोक विचारायचे, नवीन जागा कधी? तो म्हणायचा, "एक जागा बघायलोय. अजून पुरती बघून झाली न्हाय." चार वाजत आले की उठायचा. कुठं जातो ते मी विचारलं नाही, कारण अंदाज होता.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी तो दारात वळला. "मालक, उद्या चला की."

"उद्या भाचीचा साखरपुडा आहे हो," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे खरं कारण होतं. तो हसला. क्षणभर थांबला, काही बोलेलसं वाटलं. मग "बरंय" म्हणून गेला.

सोमवारी शटर वर केलं तर आत, शटरखालून सरकवलेली पुडी. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि चौकटीचा एक कागद. दुपारी बोळातल्या एकानं सांगितलं, बायकोची बदली झाली, लांबच्या जिल्ह्यात. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं गेले सगळे. सामान आधीच गेलं होतं. रविवारी तो मला सहलीला बोलावत नव्हता. निरोप घ्यायला बोलावत होता. मी नेमका त्याच रविवारी दुकान बंद ठेवलं होतं. भाकरी दोन दिवस पुरवून खाल्ली.

कागद मी जसाच्या तसा टाइप केला.

"जागा: शाळेचं फाटक. कसं जायचं: मुलांच्या मागे, थोडं अंतर ठेवून. पाणी: समोर पाणपोई आहे. कोणाला विचारायचं: झाडाखाली बोरं-चिंचा विकणाऱ्या मावशी. खर्च: काही नाही. सावली: समोर कडुलिंबाचं झाड आहे. चार वाजता सावली झाडाच्या बुडाशी असते. मग रस्त्यावर उतरते. पाच वाजता फाटकाला टेकते. मूल बाहेर येतं तेव्हा त्याचा पहिला पाय सावलीत पडतो. आषाढ ते आश्विन बघितलं आहे. थंडीतली सावली बघायची राहिली. कोणी बघितली तर कळवावे."

त्याच्या बटणांच्या फोनवर मी चार-पाचदा लावून पाहिलं. आता तिथं भलताच कोणीतरी उचलतो आणि राँग नंबर म्हणतो. पायरीवर ऊन रोज दहा चाळीसच्या सुमाराला येतं. उन्हाळ्यात थोडं आधी, थंडीत थोडं उशिरा. हे आता मला माहीत आहे आणि सांगायला कोणी नाही. सोमवारी मी घरून डबा आणतो आणि बहुतेक वेळा तो तसाच परत नेतो. त्याची आठवण येते, असं साधं म्हणून टाकतो. अर्ज टाइप करताना येते, पत्रिका छापताना येते.

पौषात एका बुधवारी मी साडेतीनला दुकान बंद केलं. तीस वर्षांत कामाच्या दिवशी पहिल्यांदा. डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि चालत शाळेपाशी गेलो. झाडाखाली बोरांची टोपली घेऊन मावशी बसल्या होत्या. मी त्याचं वर्णन करायच्या आधीच त्यांना कळलं.

"त्ये सावलीवाले व्हय? रोज यायचे की. चारला. म्या म्हनायची, पोरी पाचला सुटत्यात दादा, आत्ताच कशाला? तर म्हनायचे, मी येतो तवा तिला आतून दिसतो. शाळंच्या शिपायानं दोनदा हटकलं बी. मग त्योच च्या द्यायला लागला."

मी त्यांच्या शेजारी दगडावर बसलो. तो त्याचाच दगड असावा. सावली रस्त्यावर उतरली, हळूहळू पलीकडे गेली. मी घड्याळ हातात धरून बसलो होतो. पाच वाजले, घंटा झाली. सावली फाटकाला टेकली नाही. फाटक चुकवून ती डावीकडच्या भिंतीवर चढली होती. उठून मी पावलांनी मोजलं. सात.

पोरं बाहेर पडली. फाटकात ऊन होतं, पौषातलं मऊ ऊन. त्यातली निम्मी पोरं तिथंच थांबली. कोणी त्यांना उभं केलं नव्हतं. गार वर्गातून आली होती, पाठी उन्हाकडे करून, दप्तरं खाली टाकून बोलत उभी राहिली. मी बराच वेळ बघत होतो.

परत येऊन दुकान उघडलं, ब्लॉग काढला आणि त्या शेवटच्या लेखाखाली लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. पण दुरुस्ती त्याला हवी असणार, म्हणून काही न घालता, जसं पाहिलं तसं कळवलं:

"थंडीत सावली फाटकाच्या डावीकडे, सात पावलं. पाच वाजता फाटकात ऊन असतं. ऊन कोवळं आहे, मुलं आपणहून उभी राहतात, काळजी नसावी. बाकी सगळं बरोबर. रविवारी मी मोकळा आहे."